उजव्या अंगठ्याचं नख

नववीत असताना माझ्या उजव्या अंगठ्याचं नख लांब होतं. बाकीची नखं मी ब्लेडनं कापायचे, ते एक राखायचे. सोलापूरच्या आमच्या भागात याचं कारण कुणी विचारत नाही. बिडी वळून झाली की तिचं तोंड नखानं आत दुमडून बंद करायचं असतं. नख नसेल तर तोंड उघडं राहतं, तंबाखू सांडते, आणि कारखान्यात तपासणारा माणूस ती बिडी ‘छाट’ म्हणून बाजूला फेकतो. छाटीची मजुरी नाही. बिडीही परत नाही. ती मालक ठेवून घेतो आणि खुशाल विकतो. हे मी वडिलांनी आणलेल्या युनियनच्या पत्रकात वाचलं होतं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती.

शाळा सुटली की मी अम्माशेजारी सूप मांडीवर घेऊन बसायचे. वर्गातल्या कितीतरी मुली आपापल्या घरी अशाच बसायच्या. शाळेला हे ठाऊक नव्हतं म्हणता? आमच्या कपड्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून आम्हाला मागचे बाक दिले होते!

त्या वर्षी नव्या वर्गशिक्षिका आल्या आणि दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखं तपासू लागल्या. पहिल्याच सोमवारी त्यांनी माझा अंगठा धरला.

“हे काय? फॅशन?”

“बाई, कामाचं नख हाय ते.”

“कसलं काम?”

“बिड्यांचं की.”

पुढचे बाक खिदळले. बाईंनी पर्समधून नेलकटर काढला. “इथं शिकायला यायचं असेल तर माणसासारखं या,” म्हणाल्या आणि नख कापलं. त्यांच्या डोक्यावर, फळ्याच्या वर, ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं : श्रमाला लाज कसली?

त्या संध्याकाळी माझी एकही बिडी नीट मिटेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून अम्मा आली ती तणतणतच. माझ्या बिड्या जवळजवळ सगळ्या छाटीत गेल्या होत्या. अम्मा भांडायची तेलुगूत, पण निकाल द्यायची मराठीत.

“नख येईपर्यंत शाळा बंद.”

“आणि आल्यावर बाईंनी पुन्हा कापलं तर?”

“तर कायमची बंद. तुझी बाई येणार हाय का माझ्या सुपावर बसायला?”

वडील मध्ये पडले. नख वाढेपर्यंत माझ्या वाटचा बिडीचा तेंदूपाला ते कापून देतील, मी नुसतं वळायचं, तोंडं अम्मानं बंद करायची, असं ठरलं. पण एकदाच. पुन्हा नख गेलं तर शाळा गेली, हे अम्मानं दोनदा ऐकवलं.

म्हणून पुढच्या सोमवारी मी मूठ उघडली नाही.

“हात दाखव.”

“नाही दाखवणार, बाई.”

“मग वर्गाबाहेर उभी राहा.”

राहिले. त्याच्या पुढच्या सोमवारी मागच्या बाकावरची आणखी एक मूठ मिटलेली राहिली, मग आणखी. आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या असायचो. मधल्या सुट्टीत आमचे एक सर सायकलींच्या छपरामागं बिडी ओढत. तिचं तोंड कुणाच्या तरी नखानंच बंद केलेलं होतं. त्या नखाची घाण त्यांना ओठात धरताना कधी वाटली नाही.

आमची शाळा सुटली नाही. मुठी उघडल्या नाहीत आणि बाईही नमल्या नाहीत. वर्षभर दर सोमवारी हेच चाललं.

सोमवारी पहिला तास भूमितीचा असे. खिडकीतून आवाज यायचा, फळा दिसायचा नाही. “आता ही रेषा या बिंदूतून जाते,” भूमितीचे सर सांगायचे. कुठली रेषा, कुठला बिंदू? आम्ही ऐकायचो आणि ज्याच्यापायी बाहेर होतो त्याच नखानं भिंतीच्या चुन्यावर अंदाजानं आकृती ओढायचो. बऱ्याचदा ती चुकायची.