देवतळे सर आणि जुन्या खाणींतलं पाणी

देवतळे सरांची आणि माझी पहिली भेट आजच्या छत्तीसगडातल्या चिरमिरीच्या कोळसा खाणीत झाली. ते तिथे भूगर्भतज्ज्ञ होते, मी नवा सर्व्हेअर. भिलाईच्या पावर हाउसजवळच्या रेल्वे चाळीतला मराठी मुलगा म्हणून कौतुक होईल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! सरांनी हातात दगड ठेवला आणि विचारलं, "हे काय आहे, सांग." त्यावर पानाचा ठसा होता. मी "पान" म्हणालो. "कोळसा याच जंगलाचा झाला. पान दिसलं म्हणजे थर जवळ आहे," एवढं सांगून ते कामाला लागले.

सरांचं खरं काम जुन्या खाणींचं. शेजारचे कितीतरी बोगदे कोळसा काढून सोडून दिलेले, आणि त्यांत पाणी तुंबलेलं. नवा बोगदा त्या पाण्याच्या फार जवळ गेला, तर मधली कोळशाची भिंत फुटते आणि आतली माणसं बुडतात. म्हणून जुन्या नकाशावरून अंतर काढायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

नकाशा कापडावर काढलेला होता. मी नवी कोरी पट्टी लावली, अंतर भरपूर आलं, कागदावर सही ठोकली. आठवडाभरानं सरांनी तो नकाशा पाहिला आणि तडक खाली जाऊन काम थांबवलं. समोरच्या कोळशात बारीक भोक पाडायला लावलं. भोक काही हात आत जाताच पाण्याची धार अंगावर आली. भोकात लगेच खुंटी ठोकली. समोर सात माणसं उभी होती.

"अरे बाबू, कापड दमट हवेत पसरते, मंग नव्या पट्टीनं अंतर जास्त दिसते," सर म्हणाले. "नकाशावरच आखलेली मोजपट्टी असते, तीही सोबत पसरते. तिनं कावून नाही मोजलं?"

मला वाटलं, नोकरी गेली. वरिष्ठांना त्यांनी लिहून दिलं की तपासणी त्यांची होती, ती उशिरा झाली. मी सुटलो म्हणून हुश्श केलं, तर दुसऱ्या दिवशी ते मला त्या सातजणांपुढे घेऊन गेले.

"याच्या मापानं तुम्ही पुढं जाऊन राहिले होते. आता हाच सांगेल."

मी सांगितलं. पट्टी चुकीची लावली, चूक माझी. भंडाऱ्याकडचे लक्ष्मणभाऊ त्यांच्यात वडील. ते म्हणाले, "सांगतलं, बरं केलं. आता डबा खाऊन घे, तोंड उतरलं तुयं."

निवृत्तीनंतर सर भिलाईत वैशाली नगरात राहायला आले. तिथेही स्वस्थ नाहीत. म्हाताऱ्या खाणकामगारांना गाठून कोणता बोगदा कुठे वळला, ते विचारतात, लिहून ठेवतात. खाणीच्या इतिहासात मालकांची नावं शेवटी, पाणी कुठे आहे ते आधी, असा त्यांचा हट्ट आहे. त्यावरून आमचे वाद होतात आणि दरवेळी मीच हरतो.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे आणि नजर शाबूत राहोत, त्यांना उदंड निरोगी आयुष्य लाभो. त्या दिवशी मी सात माणसं मारली असती. सरांमुळे ती संध्याकाळी आपापल्या घरी जेवली. सर, याबद्दल मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. धीर झाला नाही. आज सगळ्यांसमोर मानतो.