वासरू, नांगर आणि आमचा तरुण संघ

१९७७ साल, मार्च महिना. थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं आणि निवडणूक तोंडावर आली होती. आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीत किस्से पडायला लागले ते तेव्हापासून. किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चर्चच्या कंपाउंडातल्या चिंचेच्या पाल्यासारखं आहे ते. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तितकाच!

चर्चची घंटा मी वाजवायचो. किल्ल्याही माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंत. पण कान काही कुणी चौथीत काढून घेत नाही.

एका पक्षाची खूण होती गाय-वासरू. समोरच्यांची, नांगर घेतलेला शेतकरी. आणि आमचं शास्त्र, म्हणजे बायबल, सगळं शेतकऱ्यांचं नि मेंढपाळांचं. पानापानावर गुरं आणि अवजारं. तिथंच बिघडलं.

*

तरुण संघाचा लीडर होता शांतवन. शाळामास्तर, तिशीच्या आतबाहेरचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. तो नांगरवाल्यांचा.

दुसरे दाविदराव. ते मंडळीचे वडील. वडील म्हणजे वय नव्हे, आमच्यात तो हुद्दा असतो. निवडून येतात आणि मग उतरत नाहीत. ते गाय-वासरूवाले, आणि लपवायचे नाहीत. उपासना सुटली की दारात उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, “वासराला विसरू नका.”

एका शनिवारी संघाच्या बैठकीत शांतवननं उतारा वाचला. नांगराला हात घातला की मागं पाहू नये, असा तो उतारा.

दाविदराव मागं बसले होते. ताडकन उठले. “हा प्रचार आहे!”

“काका, हे शास्त्रात आहे.”

“शास्त्रात असेल. पण निवडणुकीच्या तोंडावरच बरं सापडलं?”

*

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, भित्रा माणूस. त्यांनी ठरवलं, रविवारी कुणाला लागणार नाही असं काही घ्यावं. म्हणून घर सोडून गेलेल्या पोराची गोष्ट घेतली. पोरगा परत येतो, बापाला आनंद होतो. यात कसलं आलंय राजकारण?

पाळकसाहेब रंगात आले आणि हात उंचावून म्हणाले, “बाप म्हणाला, ते पुष्ट वासरू आणून कापा!”

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या.

दाविदराव टोपी घालून चालते झाले. पाळकसाहेबांना घाम फुटला. पुढच्या रविवारी त्यांनी खुलासा केला, “बापानं मेजवानी दिली, एवढं ध्यानात ठेवा. जेवणात काय होतं ते महत्त्वाचं नाही.”

*

मग कमिटी बसली. प्रश्न एकच : तरुण संघाच्या लीडरनं आपलं राजकीय मत पोरांना सांगावं का? दाविदराव म्हणाले, मुळीच नाही, पोरं बिघडतात.

शांतवन म्हणाला, “काका, तुम्ही दारात उभं राहून सांगता ते?”

“मी वडील आहे. मी सांगतो तो सल्ला. तू सांगतोस ते राजकारण!”

ठराव झाला. चर्चच्या आवारात लीडरनं राजकीय मत बोलू नये.

शांतवननं विचारलं, “आवार कुठवर?”

पाळकसाहेब म्हणाले, “फाटकापर्यंत.”

त्याच शनिवारी शांतवन फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला आणि बोलला. पोरं फाटकाच्या आत सतरंजी टाकून बसली. जाणारे-येणारे टांगेवालेसुद्धा थांबले.

कमिटी पुन्हा बसली. तोंड बाहेर आहे आणि कान आत आहेत, तर गुन्हा कुणाचा? मला विचारलं, फाटक का लावलं नाहीस? मी म्हणालो, ठरावात फाटकाचं काही नव्हतं.

*

मग भांडण प्रार्थनेत शिरलं.

संघातली सुमन उभी राहिली. “हे प्रभू, आमच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे.” सगळे म्हणाले, “आमेन.” दाविदराव गप्प! एरवी त्यांचं आमेन सगळ्यांत मोठं. ते न म्हटलेलं जास्त ऐकू आलं.

मग दाविदरावांनी प्रार्थना केली. “हे प्रभू, तरुणांना वडिलांचा मान ठेवायला शिकव.” तरुणांची सगळी बाकं गप्प.

पाळकसाहेबांना वाटलं, सगळ्यांना चालेल असं काही मागावं. घाईघाईत म्हणाले, “हे प्रभू, पाऊस दे!”

दोन्हीकडून दणदणीत आमेन झालं. मार्च महिना, द्राक्षं काढणीला आलेली. चारच दिवसांत अवकाळी बदाबदा कोसळला.

पलीकडच्या मळ्यातला माळी माझ्याकडं आला. “तुमच्याकडं पाऊस मागितला म्हणं?”

मी म्हणालो, “एकमतानं.”

*

निकाल लागला. नांगर आला, वासरू पडलं.

संघातल्या पोरांनी बांबूची तिरडी बांधली, वर मातीचं वासरू ठेवलं. भर दुपारी वाजतगाजत दाविदरावांच्या दारावरून न्यायची ठरली. मी मागं होतो, पाहायला.

गल्लीत शिरलो तर शांतवन दाविदरावांच्या पायरीवर बसलेला.

“सर, उठा ना! आपण जिंकलो!”

“जिंकलो म्हणूनच घरी जा.”

“एकदाच फिरवतो दारावरून.”

“मग आधी मला त्या तिरडीवर घ्या. बांधा नीट, मी जड आहे.”

पोरं चुळबुळली, वळली. खिडकीच्या फटीतून दाविदराव बघत होते. बाहेर आले नाहीत. सलामसुद्धा केला नाही. थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, कपभर चहा पायरीवर ठेवून आत गेल्या.

शांतवननं घोट घेतला. मी विचारलं, “कसा आहे?”

“बिनसाखरेचा.”

*

१९८० च्या थंडीत पुन्हा निवडणूक आली. वासरू जाऊन त्या जागी हाताचा पंजा आला होता.

आता तक्रार पोरांची. उपासनेच्या शेवटी पाळक पंजा वर करून आशीर्वाद देतात, हा उघड प्रचार! पाळकसाहेबांनी धसका घेतला. पुढच्या रविवारी दोन्ही हात झग्यात घालून आशीर्वाद दिला.

हरसूलकडच्या मार्ताबाई, सत्तरीच्या, दारात त्यांना अडवून म्हणाल्या, “पाळकसाहेब, आज आशीर्वाद काय पोचला नाय. पुन्हा द्या.”

*

त्या वर्षी नांगर हरला. शांतवन संघाच्या बैठकीत स्पष्ट बोलला, फाटकाच्या आत. “लीडर झालो म्हणून मला मत नाही का? हरला तरी माझं मत नांगरालाच. तुमचं वेगळं असेल तर तेही इथंच बोला.”

दाविदरावांनी लगेच प्रस्ताव आणला. शांतवनला लीडरपदावरून काढा आणि संघ कमिटीच्या ताब्यात द्या. शांतवनचं शाळेबाहेरचं सगळं आयुष्य म्हणजे तो संघ होता. लग्नसुद्धा केलं नव्हतं त्यानं.

वार्षिक सभा भरली. चर्च भरून माणसं. पाळकसाहेब म्हणाले, “प्रस्तावाच्या बाजूच्यांनी हात वर करा.”

एक पोरगा ओरडला, “पंजा चालणार नाही!”

अर्धा तास त्यावर गेला. शेवटी ठरलं, ज्यांना शांतवन नको त्यांनी उभं राहावं, ज्यांना हवा त्यांनी बसावं.

मार्ताबाई उठल्या आणि लगेच बसल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, “बाई, मत कोणतं समजायचं?”

“मताचं राहू द्या, माझे गुडघे दुखत्यात.”

त्यांना सोडून मोजलं. उभे आणि बसलेले सारखेच भरले. शांतवन भिंतीला टेकून बसला होता, खाली बघत.

पाळकसाहेब म्हणाले, “पुन्हा मोजतो. कोणी हलू नका.”

दाविदराव पहिल्या बाकापाशी उभे होते. प्रस्ताव त्यांचाच. त्यांनी मागं वळून शांतवनकडं एकदा पाहिलं. टोपी काढली. धोतर सावरलं आणि खाली बसले.

पाळकसाहेब गोंधळले. “दाविदराव, तुमचेही गुडघे दुखतात का?”

“नाही,” दाविदराव म्हणाले.