करंगळीची हजेरी

जाग आल्यावर मावशी लगेच उठत नसे. पांघरुणातून पाय बाहेर काढायची आणि एकेक बोट हलवून त्याची हजेरी घ्यायची. आधी उजवा पाय, मग डावा, मग हात. प्रत्येक बोटाच्या वतीनं स्वतःच पुटपुटायची, "हजर." शेवटी मान दोन्हीकडे वळवून म्हणायची, "बाई हजर," आणि उठून बसायची.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहत होते. पलीकडच्या खाटेवरून ही हजेरी रोज ऐकायचे. ती कधी अडखळली नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी मावशी नटी व्हायला घराबाहेर पडली. पहिल्याच दिवशी सेटवर हिरॉईन जिन्यावरून गडगडायला तयार होईना. कोपऱ्यात उभी असलेली मावशी म्हणाली, "मी पडते." त्यानंतर तेवीस वर्षं ती पडतच राहिली. घोड्यावरून, चालत्या ट्रकवरून, पेटत्या खिडकीतून. दुसऱ्यांच्या कपड्यांत, दुसऱ्यांच्या केसांत. पडद्यावर कायम तिची पाठच दिसायची. थिएटरात आजी शेजारणीला कोपरानं ढोसायची, "ती बघ, माझ्या लेकीची पाठ!"

तिची एक सवय सगळ्यांना जाचायची. उंचावरची उडी असली की खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचतात आणि वर गाद्या घालतात. खोकं चेपतं म्हणून माणूस वाचतो. पण एकदा चेपलेलं खोकं आतून ढकलून उभं केलं की अगदी नव्यासारखं दिसतं, आणि पुढच्या माणसाला झेलत नाही, नुसती वाट देतं. म्हणून मावशी प्रत्येक खोक्याचा कोपरा अंगठ्यानं दाबून बघायची. लोक घड्याळं बघत बसायचे.

बेचाळिसाव्या वर्षी तिला चेहऱ्याचं काम मिळालं. नायिकेची आई, अकरा वाक्यं. शेवटी ही आई गच्चीवर लेकीकडे बघत मागे मागे सरकते आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली जाते. तोंड कॅमेऱ्याकडे, नजर हलवायची नाही. दिग्दर्शकानं स्पष्टच सांगितलं होतं, "उडीसाठी डबल लावायचा असता, तर एखादी नाववाली नटी घेतली असती."

तालमीत ती एकदा पाठीवर वेडीवाकडी पडली. हसत उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी डाव्या पायाच्या करंगळीशी थांबली.

मी डोळे किलकिले करून पाहिलं. मावशी त्या बोटाकडे टक लावून बघत होती. बोट हलत नव्हतं. तरी ती म्हणाली, "हजर."

"मावशी, हललं नाही ते."

"तू तुझ्या पुस्तकात बघ."

आठवड्यानं शेजारचं बोटही गेलं. मावशी दोघांची खोटी हजेरी लावत राहिली. आंघोळीला जाताना भिंतीला हात टेकायला लागली. "डॉक्टरला दाखव," म्हटलं तर म्हणाली, "दाखवलं की तो सांगेल. सांगितलं की मला कळेल." मला ती गच्ची दिसायची. मागे सरकताना नजर कॅमेऱ्यात अडकलेली. गच्ची कुठं संपते ते फक्त पायाला कळणार, आणि तो पायच मुका झालेला.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी ती उडी होती. पुढचं मला खारीनं सांगितलं. खार म्हणजे मावशीची शिष्या. भिंतीवर सरसर चढते म्हणून हे नाव. फाईट मास्टरनी आधी मावशीच्या कमरेला दोर बांधून तिला मागे चालवून बघितलं. मावशी एक पाऊल मागे गेली, दुसरं गेली, तिसरं गेली.

"बाई, कड!" मास्टर ओरडले. दोर ताणला गेला.

तिची डावी टाच हवेत होती, आणि तिला ती जमिनीवर वाटत होती.

खार म्हणते, मावशीचा चेहरा तेव्हा पुठ्ठ्यासारखा झाला होता. पाय उचलून तिनं आत ठेवला. "मास्टर, हा पाय मला काही सांगत नाही. तीन आठवडे झाले."

"आणि आज सांगताय?"

"अकरा वाक्यं होती हो माझी."

दिग्दर्शक भडकला. पण बाकी सगळं चित्रित झालेलं. त्याला आता बाई बदलता येत नव्हती. त्यानं फक्त पाठ दिसेल असा कॅमेरा मागच्या बाजूला लावला आणि मावशीचे कपडे खारीच्या अंगावर चढवले.

मावशी खाली गेली. सगळ्या गाद्या काढायला लावल्या आणि कोपरे दाबत बसली. मधल्या थरात चार चेपलेली खोकी निघाली.

"ही परवाच्या तालमीतली."

"नव्यासारखी दिसतात की, बाई," रचणारा म्हणाला.

"दिसायला काय, मीही दिसते."

नवी खोकी आली. तेवीस वर्षं मावशीनं वरून खाली बघितलं होतं. खालून वर बघायची ही पहिलीच वेळ. कडेवर खारीची टाच दिसली. मावशीनं मास्टरांचं मनगट असं आवळलं की चार दिवस वळ राहिला. टाच हलली. मग पाठ आली, मोठी होत होत, आणि गाद्यांत बुडाली. आवाज विरला तरी कुणी हललं नाही.

"मेले नाही," आतून खारीचा आवाज आला. "मनगट दुखतंय फक्त."

"जिवावरचं शेपटीवर निभावलं," मावशी म्हणाली आणि तिथंच खाली बसली. उभं राहायला तिला दोघांचा आधार लागला.

सिनेमा आला. मावशीचा चेहरा पडद्यावर अकरा वाक्यं बोलला. शेवटी पाठ खाली गेली तेव्हा थिएटर हळहळलं. आजी मात्र मावशीकडे वळली. "ही तुझी पाठ नव्हे गं." मावशीनं तिचा हात हातात घेतला.

पुन्हा तिनं उडी मारली नाही. सात वर्षं दुसऱ्यांची खोकी दाबत राहिली. मग छातीत कफ झाला आणि हॉस्पिटलात दाखल झाली. तिथंही सकाळी हजेरी व्हायची, पण आता डाव्या पायाच्या करंगळीशी आली की स्वच्छ म्हणायची, "गैरहजर," आणि पुढं जायची.

एके दिवशी खार शूटिंगवरून थेट आली आणि दारातच चपला काढू लागली. मावशीनं मान वळवून पाहिलं.

"तिथं नको गं, बाजूला काढ. कुणीतरी अडखळून पडेल."