थुंकली म्हणजे गाभण

गुहागरकडचा भिकाजी दुबईबाहेर फहदसाहेबांच्या शेतावर बावीस वर्षं जनावरं सांभाळतोय. आधी शेळ्या, मग उंट आणि साहेबांना हौस आली तेव्हा लामा. लांब मानेचं, लोकरीचं, भारी आखडू जनावर. भिकाजीला कुणी शिकवलं नाही. बघून बघून तो पटाईत झाला, आणि हे चारचौघांत सांगायलाही कधी विसरला नाही.

त्याचा हुकमी नियम एकच. मादीजवळ नर न्यायचा. खाली बसली तर रिकामी, तोंडावर थुंकली तर गाभण. आजवर तो कधी चुकला नव्हता. म्हणून त्याची लाडकी लामा ढवळी नरावर थुंकली तेव्हा त्याने साहेबांना बातमी दिली, दुबईतल्या करामा बाजारातून मेथीदाणे मागवले आणि गावी बायकोला फोन लावला, "सगुणा, आपली ढवळी गाभण हाय गो!" पुढे पोटही वाढायला लागलं.

पाचव्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टर समिधा सोनोग्राफीचं मशीन घेऊन आल्या. भिकाजी आडवा आला. "मॅडम, पहिलटकरीण हाय ती. हात नका लावू." साहेबांचा त्याच्यावर विश्वास, मशीन परत गाडीत गेलं.

लामा साडेअकरा महिन्यांनी विते. बारा झाले. तेराव्यात ढवळीने खाणं टाकलं, शेपटीखाली रक्त दिसलं. या वेळी भिकाजीनेच डॉक्टरांना बोलावलं.

पडद्यावर पिल्लू नव्हतंच. गर्भपिशवीत नारळाएवढी गाठ होती आणि पोटात पाणी. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर, सगळीकडे पसरलेला.

"पण ती थुंकायची, मॅडम!"

"दुखत असलं तरी मादी नराला जवळ येऊ देत नाही, काका."

"तेव्हा बघू दिलं असतं तर?"

"कदाचित पिशवी काढता आली असती. नक्की नाही सांगता येत." बाईंनी खोटं सांगितलं असतं तर बरं, असं भिकाजीला वाटलं.

फहदसाहेब लांबूनच म्हणाले, "खलास, डॉक्टर. उसको और तकलीफ मत दो." भिकाजीला कुणी एक शब्द बोललं नाही. चार शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या.

शेवटच्या इंजेक्शनसाठी मान धरायला दुसरं कोण होतं? त्याने ढवळीला बसवलं, मान कवेत घेतली. समिधा जवळ आल्या तसे तिचे कान मागे गेले. ती थुंकायच्या बेतात आली.

"गप गो बाय, मी हाय ना," भिकाजी सवयीने म्हणाला.

आणि नेहमीसारखी ती त्याचं ऐकून गप्प झाली.