लेंडीखताचा वास

नातवाने कुंड्यांसाठी आणलेलं लेंडीखताचं पोतं उघडलं आणि त्या उग्र वासासरशी मला स्वातंत्र्याआधीचं, तापीकाठचं आमचं शेत आठवलं. खत मिळावं म्हणून वडिलांनी भटक्या ठेलारी मेंढपाळांचा कळप आग्रहाने शेतात बसवला होता. मेंढ्या विहिरीजवळच्या हौदात तोंड घालून पाणी पीत होत्या. ठेलारीण घागर घेऊन विहिरीवर चढली, तशी काकू ओरडली, "हिरले हात नको लाऊ! हौदमाईन भरी ले."

"मेंढ्यास्नं उष्टं पानी पोरेस्ले पाजू?" तिने विचारलं.

वडील तिथेच उभे होते, पण त्यांनी नजर शेतात पडलेल्या लेंड्यांकडे वळवली. रिकामी घागर घेऊन ती भर उन्हात नदीकडे निघाली. तेव्हा ती मला उर्मट वाटली होती. आज संताप येतो तो आमच्या माणसांचा.

पुढे हिवाळ्यात त्याच शेतात गहू कमरेएवढा आला. वडील ज्याला त्याला सांगत सुटले, "मन्ही जमीनच तशी शे!"