बांधून ठेवलेला फर्मा

ज्या माणसाला तुम्ही जन्मात पाहिलेलं नाही, त्याचा द्वेष करायला तुम्हांला किती वेळ लागतो? मला दीड तास लागला. एका पानाच्या पत्रकाचे छपाईचे खिळे जुळवायला तेवढाच वेळ लागतो.

मी तेव्हा नंदुरबारच्या एका छापखान्यात जुळारी होतो. आई धानोऱ्याला थोरल्या भावाकडे, आणि मी स्टेशनच्या वाटेवरच्या एका खोलीत एकटा. वाचायला शिकलो तो पत्रकांवर. पुस्तकाला पैसे पडत, पत्रक फुकट मिळे. मिठाची, परदेशी कापडाची, दारूबंदीची पत्रकं मी बाजारातून गोळा करायचो. पातळ कागदावर छापलेलं आणि सरकारला न आवडणारं ते सगळं खरं, अशी माझी समजूत होती.

गावात तरुणांचं एक मंडळ होतं. सकाळी व्यायाम, उन्हाळ्यात विहिरी उपसणं. पटकीच्या साथीत सख्खे भाऊ पुढे येईनात तेव्हा ह्याच पोरांनी प्रेतं खांद्यावर घेतली. मला त्यांनी आपल्यात घेतलं. द्वेष करणारा माणूस वेगळा दिसतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

एका वर्षी दिवाळी उलटल्यावर मुंबईच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. जर्मनीत गावोगावची ज्यू लोकांची प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली, माणसं धरून नेली. दोनचार दिवसांत मंडळाचा चिटणीस मजकूर घेऊन छापखान्यात आला. जे झालं ते योग्यच झालं, हे लोक जिथे राहतात तो देश पोखरतात, असा तो मजकूर होता. मी तो जुळवला. एवढंच नाही. शेवटचं वाक्य मला ढिलं वाटलं, ते मी धारदार करून दिलं. चिटणीसानं पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी हवेत होतो.

ती थाप कुणाला तरी सांगायची होती. गावात माझं जाणं-येणं असं एकच घर होतं, स्टेशनातल्या तारमास्तरांचं. मूळचे कोकणातले. घरात मराठीच. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी काकू मला जेवायला बोलवायच्या. शनिवारी त्यांची चूल पेटत नसे, आणि मास्तर शुक्रवारचंच थंड अन्न डब्यात घेऊन कामावर जात, कारण तारेला सुट्टी नसते. दाराच्या चौकटीवर एक लहानशी लाकडी डबी तिरकी ठोकलेली होती. तिच्यात प्रार्थनेची वचनं होती. येताजाता ते तिला बोटं लावत. आतल्या खोलीत एक फळी, फळीवर पोथ्या. त्या खोलीला ते ‘आमची मशीद’ म्हणत; प्रार्थनेच्या जागेला त्यांच्यात हाच शब्द. आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, आहोत, हे त्यांनी मला केव्हाच सांगितलं होतं. पण माझ्या लेखी ज्यू म्हणजे गोरे, लांबच्या देशातले, पत्रकातले. काकूंच्या हातची वालाची उसळ खाताना माझ्या डोक्यात ही दोन टोकं कधी जुळलीच नाहीत.

मी पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझ्या वाक्यावर बोट ठेवलं.

मास्तरांनी ते सावकाश वाचलं. “जुळणी सुरेख आहे,” ते म्हणाले. मग कागद घडी घालून परत दिला. “आमच्याबद्दल आहे हे.”

काकूंनी वाढायचं थांबवलं नाही. मी पत्रक खिशात घातलं.

रात्रभर मी भाषण तयार केलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो. म्हणालो, तुम्ही ज्यांना देश पोखरणारे म्हणता, त्यातला एक माणूस रोज तुमच्या तारा घेतो. तुमच्या घरी माणूस गेल्याची बातमी त्यानं स्वतः पायी आणून दिली आहे. आपला तारमास्तर ज्यू शे.

मला वाटलं, लाजेनं माना खाली जातील.

“म्हनीसन शनवारले तार उशिरा येस,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

चिटणीस हसला नाही. “भाऊ, हाई तुले कवयपासून माहीत शे?” केव्हापासून, एवढंच त्यानं विचारलं.

तोवर गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. मीच सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या दाराला डांबर फासलेलं होतं. चौकटीवरची डबी उपटून नेली होती. खिडकीचे गज वाकवून आतली फळी पाडली होती आणि पोथ्यांची पानं गटारात तरंगत होती. काकू ती एकेक उचलून पदरावर टिपत होत्या. मी खाली बसून पानं गोळा करू लागलो. त्यांनी मला थांबवलं नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

“फौजदाराकडे चला, मी नावं सांगतो,” मी म्हणालो.

“कोणाकोणाची?” मास्तरांनी विचारलं. “ते वाक्य लिहिणाऱ्याचंही सांगशील?” मग म्हणाले, “तू चांगल्यासाठी बोललास, मला ठाऊक आहे. पण आधी मला विचारायचं होतंस.”

त्यांनी बदली मागून घेतली. महिनाभरात ते गेले. निरोपाला स्टेशनवर मी एकटाच होतो. गाडी सुटेपर्यंत आम्ही हवापाण्याचंच बोललो.

छापखान्यात परतलो तर त्या पत्रकाचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांचा ठोकळा, सुतळीनं बांधून कोपऱ्यात उभा होता. काम झालं की खिळे सोडून आपापल्या खणांत टाकायचे, हा नियम. पुन्हा छापायचं असेल तेच बांधून ठेवतात. मी सुतळीला हात घातला तसे मालक ओरडले, “ऱ्हाऊ दे! मंडळले फिरी लागी. ज्यू गया ना आते. तेवढा शब्द बदलना, का झायं.”

‘ज्यू’च्या जागी कुणाचं नाव घालायचं तेही ठरलं होतं. ह्याच बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणारी माणसं होती ती. बाकी मजकूर तोच. माझं वाक्यही तेच, आणि ते तिथेही चपखल बसत होतं.

मी सुतळी कापली. खिळे जमिनीवर सांडले. मालकांनी त्याच दुपारी मला काढलं. मंडळातली पोरं रस्त्यात दिसली की पलीकडच्या कडेला जात. शुक्रवारी दिवे लागले की जायला घर नसे. तो हिवाळा मी कुणाशी फारसा बोललोच नाही.

आणि फर्मा मोडून काही झालं नाही. छापलेली प्रत मंडळाकडे होती. दुसऱ्या जुळाऱ्यानं आठ दिवसांत तो मजकूर उभा केला. पुढे महायुद्ध झालं, जर्मनीत काय काय घडलं ते जगाला कळलं. मंडळानं नाव बदललं, चिटणीस बदलला. परवा खापर गावच्या बाजारात माझ्या हातात एक पत्रक पडलं. शब्द तिसराच होता, शेवटचं वाक्य माझं.

म्हणून तुम्हांला सांगणं आहे. असं पत्रक हातात आलं तर ते नुसतं फाडून टाकू नका. खाली छापखान्याचं नाव असतं, कायद्यानं ते घालावंच लागतं. दिवसाउजेडी तिथे जा. मालकाशी वाद घालत बसू नका. खिळ्यांच्या खणांपाशी जो उभा असेल त्याच्याजवळ जा, आपलं नाव सांगा आणि त्याला विचारा, ह्यात लिहिलेल्या लोकांपैकी कुणाच्या घरी तू जेवला आहेस का? आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असलं, तर त्याला आपल्या घरी जेवायला बोलवा.