सगळ्यात वरचं नाव

माझ्या होमस्टेची वेबसाइट सांभाळणारा माणूस मूल गावाहून मोटरसायकलनं येतो. फाटकापासून दारापर्यंत टाळ्या वाजवत चालतो, कारण आमच्याकडे वाघ अंगणापर्यंत येतात. खुर्चीत बसला की मात्र त्याची भीती पळते. "भाऊ, लोक सर्चमध्ये जे शब्द लिहितात ते कीवर्ड. तेच आपल्या पेजवर पायजेत. सर्चच्या दुसऱ्या पानावर कोणी जात नाई."

गेल्या महिन्यात मोहफुलं वेचताना शेजारच्या काकूंना वाघानं मारलं. तिसऱ्या दिवशी वेबसाइटवाला आला. लॅपटॉप उघडून हळूच म्हणाला, "लोक गावाचं नाव अन् नरभक्षक वाघ, हेच शोधून राह्यले. टाकू का?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. माझ्याकडे न बघता त्यानं ते शब्द टाकले आणि टाळ्या वाजवत निघून गेला.

आता सर्चमध्ये आमचं नाव सगळ्यात वर दिसतं. "वाघ नक्की दिसेल ना?" असं विचारणारे फोन दिवसभर येतात.

आज सकाळी बायको टोपली घेऊन मोहाकडे निघाली. तिच्यामागून मी वेबसाइटवाल्यासारख्याच टाळ्या वाजवत गेलो. वाटेत खिशातला फोन वाजला, आणि तो घ्यायला मी टाळ्या थांबवल्या.